सोळा कोअरच्या संगणकात पंधरा कोअर रिकामे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संगणकाच्या जाहिरातीत हल्ली सर्वांत ठळक आकडा कोअरचा असतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करू शकणारा एकेक भाग. आठ, दहा, सोळा, चोवीस. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, पतसंस्था, नगरपालिका, छापखाने यांच्या खरेदीतही तोच आकडा अटीत घातला जातो आणि नवे यंत्र बसल्यावर महिनाभरात तक्रार येते की जुन्यापेक्षा काही फरक पडला नाही. तक्रार खरी असते. बहुतेक वेळा यंत्र उत्तम असते; त्यावर चालणारा प्रोग्रॅम एका वेळी एकाच कोअरला काम देतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात. येत्या काळात कोअर आणखी वाढणार आहेत, म्हणून हा विषय थोडा तपशिलात मांडतो.

खातरजमा करायला तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. जे काम रेंगाळते तेच चालू करावे आणि एकूण वापराच्या टक्क्यांकडे पाच मिनिटे पाहावे. सोळा लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे कोअर) असतील तर एकाचा वाटा शंभर भागिले सोळा, म्हणजे ६.२५ टक्के, आठ असतील तर १२.५. टर्बो, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून तात्पुरता वाढवतो त्या वेगामुळे आकडा थोडा वर दिसतो. सोळाच्या यंत्रावर काम संपेपर्यंत तो सहा ते आठ टक्क्यांना चिकटून बसला, तर प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या सूचनांच्या एकाच धाग्यावर, चालला आहे. इथे एक फसगत होते. आलेख कोअरनिहाय उघडला तर चार-पाच कोअर थोडे थोडे चालताना दिसतात आणि काम वाटले गेले असे वाटते. प्रत्यक्षात विंडोज तोच एक थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असते, म्हणून बेरीजच पाहावी. आणि टक्का याहूनही खाली, दोन-तीनवर असेल, तर अडचण प्रोसेसरमध्ये नाहीच. डिस्क, नेटवर्क किंवा डेटाबेसमधले लॉक, म्हणजे एकाचे काम होईपर्यंत इतरांना थांबवणारे कुलूप, तपासावे.

कोअर वाढवण्याची वेळ का आली? १९८५ चा इंटेलचा ३८६ प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झवर चालत होता आणि नोव्हेंबर २००४ मधला पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ३,८०० मेगाहर्ट्झवर. एकोणीस वर्षांत सव्वादोनशे पटींहून जास्त. त्या काळात प्रोग्रॅमला हात न लावता तो दर नव्या यंत्रावर आपोआप जलद होत गेला, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना तीच सवय लागली. त्याच २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि 'तेजस' नावाची पुढची रचनाही सोडून दिली. त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत, २०२३ च्या कोअर आय९-१४९००के पर्यंत, कमाल वेग ६ गिगाहर्ट्झला पोचला. दीडपटीहून थोडा जास्त, एवढेच.

अडवले ते उष्णतेने. ट्रान्झिस्टर लहान होईल तसा त्याला लागणारा व्होल्टेजही उतरत जातो, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशेब २००५ च्या सुमारास थांबला, कारण व्होल्टेज आणखी उतरवायचा तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. प्रोसेसरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावा लागतो, म्हणून ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाप्रमाणे चढते. आता हाच हिशेब उलटा करावा. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर वीज निम्म्यावर येते, कारण ०.८ चा घन ०.५१. तेवढ्याच विजेत असे दोन कोअर बसतात आणि काम १.६ पट होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकासाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले ते याच हिशेबावर. पण १.६ पट केव्हा, तर काम दोघांत वाटता आले तर. वाटता आले नाही, तर ०.८ पट. पूर्वीपेक्षा हळू.

काम कितपत वाटता येते याचा नियम जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच सांगितला होता आणि तो आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. पंगतीला पुरणपोळ्या करायच्या असतील तर लाटायला चार जणी बसतात, चार तवे मांडता येतात. डाळ शिजायला मात्र लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि पुरण वाटून झाल्याशिवाय पहिली पोळी लाटता येत नाही. समजा एक काम एका कोअरवर १०० मिनिटे घेते आणि त्यातली १० मिनिटे डाळ शिजण्यासारखी, म्हणजे वाटता न येणारी आहेत. सोळा कोअर लावले तर १० अधिक ९० भागिले १६, म्हणजे १५.६ मिनिटे. सोळाऐवजी ६४ कोअर घेतले तर ११.४ मिनिटे. कोअर चौपट, बचत जेमतेम सव्वाचार मिनिटांची. आणि कितीही कोअर लावले तरी १० मिनिटांच्या खाली जाता येत नाही. आता कोअर सोळाच ठेवून कोणी प्रोग्रॅममधला तो न वाटता येणारा भाग १० वरून २ मिनिटांवर आणला तर? २ अधिक ९८ भागिले १६, म्हणजे ८.१ मिनिटे. चौसष्ट कोअरच्या यंत्रापेक्षा कमी वेळ, नवी खरेदी न करता. माझे सगळे म्हणणे या दोन भागाकारांत आहे. पैसा कोअरवर खर्च करण्याआधी तो वाटता न येणारा भाग शोधण्यावर खर्च झाला पाहिजे.

हा भाग कुठे लपलेला असतो, ते पतसंस्थेच्या किंवा नगरपालिकेच्या करवसुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये फार स्वच्छ दिसते. पावती क्रमांक सलग हवा, मध्ये खाडा नको, हा लेखापरीक्षणाचा आग्रह. म्हणून प्रोग्रॅमर एका तक्त्यात एकच ओळ ठेवतो, 'शेवटचा पावती क्रमांक', आणि प्रत्येक व्यवहार सुरू होताच ती ओळ लॉक करून आकडा एकाने वाढवतो. लॉक सुटते ते व्यवहार पूर्ण होऊन डिस्कवर लिहिला गेल्यावर. मार्चअखेरीस वीस खिडक्यांवर वीस कर्मचारी पावत्या फाडत असतात. वीसही व्यवहार त्या एका ओळीपाशी रांगेत उभे राहतात आणि सर्व्हरचा सीपीयू चार टक्क्यांवर असतो. कोअर दुप्पट केले तरी रांग तेवढीच राहते. उपाय सोपे आहेत. सलगपणाची कायदेशीर गरज नसेल तिथे डेटाबेसची स्वतःची सीक्वेन्स, म्हणजे पुढचा क्रमांक देण्याची सोय, वापरावी. ती व्यवहार संपण्याची वाट पाहत नाही, फक्त रद्द झालेल्या व्यवहाराचा क्रमांक वाया जातो. सलगपणा हवाच असेल तर प्रत्येक खिडकीला किंवा शाखेला स्वतंत्र मालिका द्यावी, पावतीपुस्तके वाटून देतो तशी. आणि तेही जमत नसेल तर निदान क्रमांक घेण्याची पायरी व्यवहाराच्या अगदी शेवटी न्यावी, म्हणजे लॉक सेकंदभर न राहता काही मिलिसेकंदच राहते.

दिवसअखेरीचे काम, ज्याला बँकेत सगळे 'डे एंड' म्हणतात, तेही असेच. साठ हजार ठेव खात्यांवर व्याज काढायचे आहे. एका खात्याचे व्याज दुसऱ्यावर अवलंबून नाही, म्हणजे वाटायला याहून सोयीचे काम नाही. तरीही प्रोग्रॅम एकेक खाते उचलतो, सर्व्हरला विचारतो, हिशेब करतो, परत लिहितो. एका फेरीला २० मिलिसेकंद धरले तरी साठ हजारांना २० मिनिटे झाली, आणि त्यातला बहुतेक वेळ हिशेबात नव्हे, येण्याजाण्यात गेला. इथे लगेच थ्रेड वाढवायला धावू नये. आधी खातेनिहाय फेऱ्या बंद करून सगळा हिशेब एकाच एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या) आज्ञेत बसतो का ते पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच प्रश्न मिटतो. नियम गुंतागुंतीचे असल्याने बसत नसेल तर खाती दोन-दोन हजारांच्या गठ्ठ्यांत वाटून प्रत्येक गठ्ठा वेगळ्या थ्रेडला द्यावा.

यात तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, प्रत्येक खात्याबरोबर खतावणीतले 'ठेवींवरील व्याज' हे एकच खाते अद्ययावत केले जाते. मग आठही थ्रेड त्या ओळीसाठी एकमेकांना अडवतात. गठ्ठ्याची बेरीज थ्रेडने स्वतःपाशी करावी आणि शेवटी एकदाच लिहावी. दुसरी, एक थ्रेड खाते ५०० धरून ९०० ची वाट पाहतो आणि दुसरा ९०० धरून ५०० ची. यालाच डेडलॉक म्हणतात. ओळी नेहमी खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लॉक केल्या तर हा फास बसत नाही. तिसरी, रक्कम फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवली असेल तर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो, आणि थ्रेडमध्ये क्रम दर वेळी वेगळा असतो. ताळेबंदात कधी एक पैसा जास्त, कधी कमी. रक्कम पैशांच्या पूर्णांकात किंवा डेसिमल प्रकारात ठेवावी.

परवान्याची मर्यादा हा आणखी एक खड्डा आहे. लहान कार्यालयांत मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती सर्रास चालते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती एक सॉकेट (प्रोसेसर बसवायची एक जागा) किंवा चार कोअर, यांतले जे कमी असेल तेवढेच वापरते. डेटा ठेवण्याची रॅम १,४१० एमबी आणि एका डेटाबेसचा आकार १० जीबी ही तिची इतर बंधने. त्या सर्व्हरला सोळा कोअर घेतले तर बारा डेटाबेसच्या उपयोगाचे नाहीत. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या यंत्रावर, तर याहून वाईट होते. यंत्रणा बसवणारा 'आठ सॉकेट, प्रत्येकी एक कोअर' अशी मांडणी निवडतो आणि एक्स्प्रेस पहिल्या सॉकेटपुरती, म्हणजे एकाच कोअरवर चालते. 'एक सॉकेट, चार कोअर' एवढी नोंद बदलली की वेग फरकाने वाढतो, एक रुपयाही न खर्चता.

एक्सेलचेही थोडक्यात सांगतो, कारण कार्यालयांचा अर्धा दिवस त्यात जातो. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सेल सूत्रांची फेरगणना अनेक थ्रेडवर करते. पण मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून सेल शोधणारे इनडायरेक्ट हे फंक्शन आणि व्हीबीए या एक्सेलमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली स्वतःची फंक्शने एकाच मुख्य थ्रेडवर चालतात. मोठ्या वहीत इनडायरेक्टची हजारो सूत्रे असतील तर कोअर वाढवून उपयोग नाही. त्या जागी इंडेक्स वापरावे. मॅक्रो तर पूर्णपणे एका थ्रेडचा. तो सेल-सेल करत फिरत असेल तर सगळी रेंज एकदम ॲरेमध्ये घ्यावी, हिशेब तिथे करावा आणि एकदाच परत लिहावे.

कोअर खरोखर कामाला लागले की पुढचा अडसर येतो तो रॅमचा, आणि खरेदीत इथे सर्वांत जास्त चूक होते. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर ५१.२ जीबी. थोडे पैसे वाचवायला १६ जीबीची एकच पट्टी घेतली जाते आणि दहा कोअर एका दारातून ये-जा करतात. आठ-आठच्या दोन घ्याव्यात. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. माहितीपुस्तिकेत ते छापलेले असते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक उदाहरण जवळून दाखवतो, कारण ते समजल्याशिवाय बहुकोअर म्हणजे काय ते कळत नाही. प्रोसेसर रॅममधून एकेक बाइट आणत नाही. नेहमीच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर तो ६४ बाइटची एक ओळ आणतो. ती कॅशेत, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या जलद स्मृतीत, ठेवली जाते, म्हणून तिला कॅशे लाइन म्हणतात. समजा आठ थ्रेडना प्रत्येकी आठ बाइटचा स्वतंत्र मोजक (काउंटर) दिला आणि हे आठ मोजक एका ॲरेत शेजारी शेजारी ठेवले. कोणीही दुसऱ्याच्या मोजकाला हात लावत नाही, लॉक नाही, कागदावर सगळे निर्दोष. पण आठ गुणिले आठ चौसष्ट, म्हणून आठही मोजक एकाच ओळीत बसू शकतात. एका कोअरने आपला मोजक वाढवला की बाकी सात कोअरकडची ती ओळ बाद होते आणि त्यांना ती पुन्हा मागवावी लागते. ओळ चेंडूसारखी इकडून तिकडे जात राहते आणि आठ थ्रेडचा प्रोग्रॅम एका थ्रेडपेक्षाही हळू पडू शकतो. उपाय दोन ओळींचा आहे. प्रत्येक थ्रेडने स्थानिक चलात मोजावे आणि काम संपल्यावर एकदाच बेरजेत टाकावे, किंवा प्रत्येक मोजक ६४ बाइटच्या सीमेवर ठेवावा. ॲपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरवर ही ओळ १२८ बाइटची असते. लिनक्सवर 'पर्फ सीटूसी' हे साधन नेमकी कोणती ओळ भांडणात आहे ते दाखवते.

हळू पडणे परवडले. चुकीचे उत्तर परवडत नाही. मोजकात एक मिळवणे ही साधी क्रिया दिसते, पण यंत्राच्या पातळीवर तिच्या तीन पायऱ्या आहेत: वाचणे, एक मिळवणे, परत लिहिणे. दोन थ्रेडनी एकाच वेळी १०० वाचले तर दोघेही १०१ लिहितात आणि एक नोंद हरवते. हे दर वेळी होत नाही, चाचणीत बहुधा होतच नाही, गर्दीच्या दिवशी होते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला आणि सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात त्या दुपारी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा गप्प झाली होती. तपासात कारण सापडले ते याच जातीचे, दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीला भिडल्याचे. तारा आणि झाडे हे मूळ कारण होतेच, पण यंत्रणा बोलली असती तर कर्मचाऱ्यांना ते वेळेत कळले असते.

या चुका आता अधिक उघड्या पडतील, याचे एक तांत्रिक कारण आहे. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एका कोअरने स्मृतीत लिहिलेल्या गोष्टी इतरांना त्याच क्रमाने दाखवतात. फोनमध्ये आणि आता काही सर्व्हरमध्ये असणारे आर्म प्रोसेसर तशी हमी देत नाहीत. तिथे प्रोग्रॅमरने क्रम स्वतः मागून घ्यावा लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे निव्वळ सुदैवाने चाललेला चुकीचा प्रोग्रॅम आर्म सर्व्हरवर किंवा फोनवर नेला की अधूनमधून बिघडतो. क्लाउडमधले आर्म सर्व्हर स्वस्त पडतात म्हणून स्थलांतर चालू आहे. त्याआधी जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमधला (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनातला) थ्रेड सॅनिटायझर हा चूकशोधक लावून चाचण्या चालवाव्यात. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू होतो, रॅमही पुष्कळ लागते, पण तो सापडलेली चूक ओळ क्रमांकासह दाखवतो. एवढे ध्यानात ठेवावे की चाचणीत जो कोड चाललाच नाही, त्यातली चूक त्यालाही दिसत नाही.

आता शिक्षणाकडे येतो, आणि इथे मनापासून वाईट वाटते. समांतर संगणनाची भारतातली सुरुवात ज्या गावांत झाली त्यांत पुणे अग्रभागी आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या. सामायिक स्मृती नव्हती, निरोप पाठवूनच काम वाटायचे. घरगुती संगणकात दुसरा कोअर येण्याच्या चौदा वर्षे आधी पुण्यात माणसे काम वाटण्याचे प्रोग्रॅम लिहीत होती. आज पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ पासून 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी गणिते) क्षमतेचा महासंगणक हवामानाचे अंदाज काढतो. हवामानाचे जाळे १२ किलोमीटरवरून ६ वर आणायचे तर आडवे-उभे बिंदू चौपट होतात आणि वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, गणित आठपट. नकाशाचे तुकडे करून प्रत्येक कोअरला एक दिला की काम वाटले जाते, पण कडेच्या चौकटींची माहिती शेजाऱ्याला पाठवावी लागते. शंभर बाय शंभरच्या तुकड्यात कडेला ३९६ चौकटी, दहा हजारांतल्या चार टक्के. कोअर वाढवत नेऊन तुकडा दहा बाय दहाचा केला तर शंभरातल्या ३६ कडेला. एक तृतीयांशाहून जास्त काम शेजाऱ्यावर अवलंबून. कोअर वाढवण्याला अंत का असतो, ते या एका भागाकारात विद्यार्थ्याला दिसते.

आणि त्याच राज्यातल्या काही महाविद्यालयांत आजही सी भाषा टर्बो सी++ वर शिकवतात. डॉसच्या काळातला, १६ बिटचा कंपायलर. नव्या विंडोजवर तो डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून चालवावा लागतो आणि त्यात थ्रेड नावाची वस्तूच नाही. सी++ भाषेच्या प्रमाणात थ्रेड २०११ पासून आहेत. प्रयोगशाळेत सोळा कोअरची यंत्रे घ्यायची आणि त्यावर हा कंपायलर बसवायचा, यात मुलांची वर्षे वाया जातात. बदल मोठा नाही. लिनक्स किंवा विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल आणि चालू आवृत्तीचे जीसीसी, दोन्ही फुकट. दुसऱ्या वर्षातच एक प्रात्यक्षिक ठेवावे: दोन थ्रेड, एक सामायिक मोजक, प्रत्येकाने एक कोटी वेळा एक मिळवायचे. उत्तर दोन कोटी यायला हवे. येते त्याहून कमी आणि दर वेळी वेगळे. हे करताना कंपायलरचे ऑप्टिमायझेशन बंद ठेवावे, नाहीतर तो अख्खे लूप एका बेरजेत गुंडाळतो आणि चूक दिसतच नाही. मग लॉक घालून उत्तर बरोबर आणायचे आणि वेळ मोजायचा. तो एका थ्रेडपेक्षा वाईट येतो. मग स्थानिक मोजक वापरून दोन्ही साधायचे. दोन तासांत विद्यार्थ्याला स्पर्धा, लॉकची किंमत आणि वाटणीची रचना या तीनही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात.

पायथन शिकवणाऱ्यांनीही एक गोष्ट आवर्जून सांगावी. नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड भाषेतला कोड चालवू शकतो, कारण आत एक सार्वत्रिक लॉक आहे. नेटवर्कची वाट पाहायला थ्रेड चालतात, गणिताला नाही. त्यासाठी वेगळ्या प्रोसेस (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रती) कराव्यात किंवा नमपाय हे गणिताचे तयार साधन वापरावे. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये हे लॉक काढलेली प्रायोगिक आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली, तरी ती अजून वेगळी बसवावी लागते आणि एका थ्रेडचा प्रोग्रॅम तिच्यावर किंचित हळू चालतो. उलट टोकाची चूकही होते. सोळा प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीतल्या नमपायने पुन्हा सोळा थ्रेड काढले की २५६ थ्रेड सोळा कोअरवर रेटारेटी करतात. अशा वेळी OMP_NUM_THREADS हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू करण्याआधी ठरवायची नोंद) एकवर ठेवावा.

पुढे काय येते आहे तेही दिसू लागले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एएमडीचा १९२ कोअरचा एपिक ९९६५ हा सर्व्हरचा प्रोसेसर आला. त्याला रॅमच्या बारा वाहिन्या आहेत. डीडीआर५-६००० रॅम धरली तर एकूण सेकंदाला ५७६ जीबी, म्हणजे एका कोअरच्या वाट्याला ३ जीबी. कोअर ज्या गतीने वाढले त्या गतीने हा पुरवठा वाढलेला नाही, म्हणून पुढची स्पर्धा गणितापेक्षा डेटा जवळ ठेवण्याची आहे. प्रोसेसरवर कॅशेचा दुसरा मजला चढवण्याची पद्धत त्यातूनच आली. शिवाय कोअर आता सारखे राहिलेले नाहीत. इंटेलने २०२१ मध्ये डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्येही मोठे जलद कोअर आणि लहान काटकसरी कोअर एकाच चकतीवर आणले. त्यामुळे काम समान तुकड्यांत वाटण्याची जुनी रीत मार खाते: मोठे कोअर आपला वाटा संपवून लहान कोअरची वाट पाहतात. तुकडे कोअरच्या संख्येच्या आठ-दहा पट लहान करावेत आणि ज्याचे संपेल त्याने पुढचा उचलावा.

म्हणून खरेदी करणाऱ्या संस्थांना विनंती आहे की निविदेत 'किमान इतके कोअर' एवढेच लिहू नये. स्वतःचे सर्वांत रेंगाळणारे काम, स्वतःच्या डेटाच्या प्रतीवर, किती मिनिटांत व्हावे ते लिहावे आणि पुरवठादाराकडून ते करून घ्यावे. खात्यांची नावे आणि क्रमांक बदलून डेटा द्यावा. सॉफ्टवेअर घेताना विचारावे की एका, चार आणि आठ कोअरवर हे काम किती वेळ घेते. तीन आकडे देता आले नाहीत तर ते कधी मोजलेले नाहीत.

आणि एक विनंती आपल्या वृत्तपत्रालाही. तंत्रज्ञानाच्या पानावर लॅपटॉप-संगणकांची तुलना छापताना कोअरच्या एका रकान्याऐवजी दोन करावेत, मोठे आणि लहान, आणि शेजारी वॅट आणि रॅमच्या पट्ट्यांची संख्या द्यावी. इंटेलच्या तेराव्या पिढीतले आय५-१३३५यू आणि आय५-१३४०० हे दोन्ही 'आय५, दहा कोअर' म्हणून विकले जातात. पहिल्यात मोठे कोअर दोन, लहान आठ आणि मूळ वीज १५ वॅट. दुसऱ्यात मोठे सहा, लहान चार आणि ६५ वॅट. वाचकाला हे चार आकडे शेजारी शेजारी दिसले तर कोणता घ्यायचा ते तो स्वतः ठरवू शकेल.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे